शेळी पाहिलेल्यांनी हात वर करा : देवस्की पंच कमिटीला खुलं पत्र

प्रति,
देवस्की पंच कमिटी आणि समस्त गावकरी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी देवळाच्या सभामंडपात आपण, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या पंचांनी, दोन निर्णय घेतले. शेळीपालन योजनेत अडकलेल्या पैशांसाठी गावातल्या कुणी पोलिसांत जायचं नाही, हा पहिला. त्याच योजनेच्या माणसांना येत्या रविवारी समुदाय भवन पुन्हा द्यायचं, हा दुसरा. मला हे दोन्ही निर्णय मान्य नाहीत. आपल्यातले काही जण वयानं माझ्यापेक्षा मोठे, काही माझ्या हाताखाली शिकून गेलेले, आणि सगळ्यांशीच माझं येता-जाता बोलणं आहे. घरी येऊनही सांगता आलं असतं. तरी उघड लिहिते, कारण योजनेची ही माणसं बेळगाव भागातल्या मार्कंडेय नदीच्या काठानं गावोगाव फिरली आहेत आणि प्रत्येक गावात शेजारच्या गावाचा दाखला देत आली आहेत. तेव्हा शेजारच्या गावांनीही हे वाचावं.

माझा एक रुपयाही या योजनेत नाही. मग बाईंना एवढं काय पडलंय, असं मंगळवारी मागून कुणीतरी म्हणालं. ते सांगते.

दीड वर्षापूर्वी, मळण्या उरकून भाताचे पैसे हाती आले होते तेव्हा, समुदाय भवनात पहिली सभा झाली. कमिटीनं मला बोलावणं पाठवलं, पुढच्या ओळीत खुर्ची दिली, शाल-नारळ देऊन सत्कार केला. सत्कार कसला ते मला विचारावंसं वाटलं नाही. निवृत्त शिक्षिकेला गावात अधूनमधून असं बोलावतात, तसंच हेही, असं मी धरून चालले. मग योजना सांगितली गेली. वीस हजार भरायचे, आपल्या नावावर दोन शेळ्या. शेळ्या राहणार दूरच्या जिल्ह्यात, त्यांच्या शेडमध्ये. चारा, औषध, राखण सगळं त्यांचं. आपल्याला महिन्याला दोन हजार, असे वीस महिने. नवा माणूस आणला की वर हजार रुपये.

बोलणारा तरुण चांगला बोलत होता. शेवटी त्यानं माईक खाली धरला आणि म्हणाला, "ज्यांच्या खात्यावर पैसे जमा झाले त्यांनी हात वर करा." आसपासच्या गावांतून आधीच पैसे भरलेली माणसं त्यानं सोबत आणली होती. मला वर्गात हजेरी मोजायची सवय. मी हात मोजले, त्रेचाळीस होते. भवनात एकदम कुजबुज सुरू झाली आणि माझ्या मागच्या रांगेतल्या दोघींनी तिथंच ठरवून टाकलं. भिंतीला टेकून उभे असलेले, जन्मभर शेळ्या राखलेले काका मात्र अर्ध्यातून उठून गेले. दोन शेळ्यांमागं खर्च वजा जाता महिन्याला दोन हजार सुटतात का, हे त्या भवनात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना कुणी थांबवलं नाही, मीही नाही.

पाच महिने पैसे आले. सहाव्या महिन्यात 'बँकेची अडचण', सातव्यात 'ऑडिट', आठव्यापासून फोन बंद.

पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या आजी माझ्याकडे आल्या. एकुलता मुलगा गोव्यात कामाला, म्हैस विकून आलेले पैसे आणि गंठण गहाण ठेवून काढलेले, असे मिळून चाळीस हजार त्यांनी भरले होते. रेशन कार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीतून त्यांनी योजनेचा कागद काढला, मांडीवर ठेवून हातानं सरळ केला आणि म्हणाल्या, "मी तुमच्याकडं बघून भरलो की ओ बाई. तुम्ही पुढं बसला होता."

मी त्या खुर्चीत दीड तास गप्प बसले होते, एवढंच माझं योजनेतलं काम. पण आजींच्या हिशेबात माझं ते बसणं त्रेचाळीस हातांपेक्षा जड होतं. म्हणून मला पडलंय.

आता मंगळवारच्या बैठकीत मला विचारलेल्या एका प्रश्नाकडे येते. पंचांपैकी एक जण माझा जुना विद्यार्थी. त्याला मी आजही अरे-तुरेच करते, म्हणून पुढचं थोडं त्याच्याशीच बोलते.

तू उठून म्हणालास, "बाई, सातवीत तुम्हीच शिकवलात. चंद्रावर जायच्या कामात चार लाख माणसं होती, एवढी माणसं मिळून खोटं बोलू शकत नाहीत, म्हणून माणूस चंद्रावर गेला हे खरं. मग इथं वीस-पंचवीस गावांतली माणसं खोटी व्हय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही आणि बैठक संपली. रात्रभर विचार केला. तुझा प्रश्न रास्त आहे, माझं शिकवणं अपुरं होतं. ते आज पुरं करते.

चंद्रमोहीम हे नाटक होतं असं मानायचं, तर ते नाटक आहे हे त्यात काम करणाऱ्या फार मोठ्या संख्येला माहीत असायला हवं. यान बांधणारे, त्याचा रेडिओ संदेश आकाशाच्या कुठल्या दिशेनं येतोय हे अँटेना फिरवून पाहणारे, सहा मोहिमांतून आणलेली ३८२ किलो दगडमाती तपासणारे, या सगळ्यांचा हात प्रत्यक्ष वस्तूला लागलेला होता. नाटक असतं तर ते त्यांच्यापासून लपलंच नसतं. डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञानं २०१६ साली याचं गणित मांडलं. ४ लाख ११ हजार माणसांनी असं गुपित सांभाळायचं ठरवलं तरी पावणेचार वर्षांच्या आत ते कुणाच्या ना कुणाच्या तोंडून फुटेल, असं त्याचं उत्तर आलं. १९६९ पासून आज पन्नासहून जास्त वर्षं झाली. अमेरिकेला खोटं पाडण्यात ज्यांना सगळ्यात जास्त रस होता त्या सोव्हिएत रशियानंही ते नाकारलं नाही, आणि आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानं अपोलो ११ उतरलं त्या जागेचे फोटो घेतले. तिथं माणसांची संख्या फसवणुकीच्या विरोधात उभी राहते, कारण ती माणसं जाणती होती.

शेळी योजनेत किती माणसं जाणती होती? खोटं काय आहे हे माहीत असणारी चार-पाच पुरतात. बाकीची शेकडो माणसं नुसती त्यात असतात. मोठ्या कामात नुसतं असणं कसं असतं याचं एक उदाहरण देते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं अणुबॉम्ब बनवला तेव्हा सव्वा लाखाच्या वर माणसं राबत होती. ओक रिज इथल्या कारखान्यात तरुण मुली पाळी करून यंत्रासमोर बसायच्या, काटा हलला की खुंटी फिरवून जागेवर आणायच्या. आपल्या हातून काय तयार होतंय हे त्यातल्या बहुतेकींना ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडल्यावर कळलं. त्या मुलींना आदल्या दिवशी रांगेत उभं करून 'इथं काय बनतंय' असं विचारलं असतं, तर हजार मुलींकडूनही उत्तर मिळालं नसतं.

तेव्हा किती माणसं आहेत हे विचारून भागत नाही. त्यातल्या किती जणांनी स्वतः पाहिलं, हे विचारावं लागतं. समुदाय भवनात त्या तरुणानं पैसे मिळालेल्यांना हात वर करायला लावले. ते हात खरेच होते, पैसे खरंच आले होते, मागून भरणाऱ्यांच्या पैशातून. शेळी पाहिलेल्यांनी हात वर करा, असं आपण कुणी म्हटलं असतं तर?

मी नंतर एक केलं. आजींचा कागद, समोरच्या घरातला एक आणि वरच्या गल्लीतला एक, असे तीन कागद आमच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी मांडले. प्रत्येकावर 'तुमच्या शेळीचा' फोटो आहे. तिन्ही फोटोंत डाव्या कानावर तोच पांढरा डाग, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर तोच आकडा. एकच शेळी तीन घरांना विकलेली. तीन कागद एकत्र ठेवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. पण दीड वर्ष ते आपापल्या घरात, आपापल्या पिशवीत होते. शंभर घरांनी पैसे भरले आणि शंभरांपैकी प्रत्येकानं धरून चाललं की बाकीच्या नव्व्याण्णवांनी बघितलं असेल.

"एवढी माणसं खोटं बोलतील?" हा प्रश्न मंगळवारी चार वेळा आला. कुणीच खोटं बोलत नव्हतं, हेच तर मी सांगते आहे. २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो म्हणून आपल्या देवळापुढं सकाळपासून रांग लागली होती, शाळा अर्धी रिकामी झाली होती. मीही वाटी घेऊन उभी राहिले. माझ्या चमच्यातलंही दूध सरकताना मी पाहिलं. देशभर लाखो माणसांनी तेच पाहिलं आणि तेच प्रामाणिकपणे सांगितलं. मग दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून चमचा मूर्तीला लावला, तेव्हा पातळ थरानं मूर्तीवरून खाली ओघळणारं दूध दिसलं. माझी श्रद्धा त्यामुळे कमी झाली नाही, आपलीही होऊ नये. पण लाखो खऱ्या माणसांनी मिळून एक चुकीची गोष्ट पक्की करता येते, हे मी स्वतः त्या रांगेत उभं राहून पाहिलेलं आहे.

आणि रक्कम मोठी, माणसं पुष्कळ, म्हणून सरकारला माहीत असणारच, असंही एक काका म्हणाले. पर्ल्स म्हणून ओळखली जाणारी पीएसीएल कंपनी आठवत असेल. शेतजमिनीच्या नावावर तिनं जवळजवळ ५ कोटी ८५ लाख लोकांकडून पैसे घेतले होते. ४९,१०० कोटी रुपये परत करा, असा आदेश शेअर बाजारावर आणि अशा गुंतवणूक योजनांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं ऑगस्ट २०१४ मध्ये दिला. अनेक राज्यांच्या लोकसंख्येपेक्षा जास्त माणसं त्यात होती.

इथं आपल्या सीमाभागाचं म्हणून काही आहे, ते मला बोललंच पाहिजे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून आपल्या हाती एकच साधन राहिलं, एकत्र येणं. १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी असो, १९८६ चं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन असो, किती माणसं आली यावरच आपलं बळ मोजलं गेलं. शेजारचं गाव गेलं की आपणही जायचं, हे आपल्या अंगात भिनलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. मागणी करायची तर माणसं मोजावीच लागतात. पण त्या तरुणानं आपली हीच सवय उचलली. "आम्ही आपलीच माणसं," ही त्याची पहिली ओळ होती. शेतीचा उतारा कन्नडमध्ये, बँकेतला अर्ज कन्नड नाहीतर इंग्रजीत, सरकारी कचेरीत खिडकीपुढं उभं राहिलं की दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. अशा बायकांशी कुणी शुद्ध मराठीत, समोर बसून, पैशाचं बोललं. करारपत्र मात्र इंग्रजीत होतं आणि आजींचं नावही त्यात चुकलेलं आहे. आपल्या भाषेवरच्या मायेचा असा वापर झाला, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

आता कमिटीबद्दलच्या माझ्या तक्रारी. त्या जशा आहेत तशा सांगते, राग मानू नये.

समुदाय भवन गावाचं आहे. ते देताना नोंदणी कुठली, ठेवी घ्यायची परवानगी कुणाची, शेड कुठल्या गावात, यातलं काहीच विचारलं गेलं नाही. सभेची दवंडी देवळाच्या कर्ण्यावरून दिली गेली. ज्या कर्ण्यावरून यात्रेची आणि मयताची बातमी येते त्यावरून आलेलं गाव खरंच मानतं, हे आपल्याला माहीत होतं. पत्रकावर ग्रामदेवतेचा फोटो छापायला आपण हरकत घेतली नाही.

शेळ्या बघून यायला माणूस पाठवा, असं दोन तरुणांनी तेव्हाच सुचवलं होतं. 'सगळ्या गावांनी भरलंय, आपणच शंका कशाला काढायची' म्हणून त्यांना बसवलं गेलं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोर तीन रेषा, त्यातली दिलेल्या रेषेएवढी कुठली ते सांगायचं. आधीच्या माणसांना मुद्दाम चुकीचं सांगायला शिकवलेलं. एकच माणूस चुकीचं बोलला तर ऐकणारा सहसा बधत नाही, तिघे एकसुरात बोलले की डोळ्यांसमोरची रेषाही चुकीची सांगू लागतो, आणि तिथून पुढं माणसं पंधरापर्यंत वाढवली तरी परिणाम फारसा वाढत नाही. पण त्या घोळक्यात एक जरी खरं बोलला, तर ऐकणाऱ्याला बराच धीर येतो. आपल्या भवनात तशी दोन पोरं होती आणि एक काका होते. मी खुर्चीत होते, मी त्यांच्या बाजूनं एक शब्द बोलायला हवा होता. तो बोलले नाही. आपणही बोलू दिला नाही.

मंगळवारचा 'तक्रार नको' हा निर्णय तर मला कळतच नाही. गावाची बदनामी होते म्हणता. मला वाटतं खरं कारण वेगळं आहे आणि ते सगळ्यांनाच माहीत आहे. ज्यांनी हजार रुपयांसाठी दुसऱ्याला आणलं, त्यांनी भाऊ, मेहुणा, साडू, नणंद अशांनाच आणलंय. पैसे भरणारा प्रत्येक जण योजनेचा वकील झाला, कारण ती खोटी ठरली की घरातच तोंड दाखवायची पंचाईत. एकानं दोघांना, त्या दोघांनी चौघांना आणायचं असं धरलं तर तेराव्या पायरीवरच ४,०९६ माणसं नवी लागतात. एकतिसाव्या पायरीला एकूण आकडा २१४ कोटींवर जातो, भारताची लोकसंख्याही पुरत नाही. मी हे फळ्यावर मांडून दाखवायला तयार आहे. ही साखळी तुटायचीच होती. ज्यांनी नातेवाईक आणले त्यांना दोष देऊन आज काही हाती लागणार नाही. पण त्यांच्या संकोचासाठी आजींनी गप्प बसायचं, हे मला पटत नाही.

रविवारच्या सभेत म्हणे प्रत्येकी तीन हजार 'प्रोसेसिंग फी' भरली की अडकलेले पैसे सुटणार आहेत. देणं त्यांचं आणि पैसे पुन्हा आपण भरायचे. आजींनी त्यासाठी कानातलं मोडायचं ठरवलं होतं, मी कालच त्यांना हात धरून थांबवलं. इतर किती घरांत हाच विचार चालू आहे, मला माहीत नाही.

म्हणून माझ्या मागण्या.

रविवारी समुदाय भवन देऊ नका. ती माणसं आलीच तर पंचांनी भवनाच्या दारात त्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात : ठेवी घ्यायची परवानगी दाखवा, आणि शेडचा पत्ता द्या, आमची दहा माणसं उद्या बघून येतात.

ज्या कर्ण्यावरून सभेची दवंडी दिली, त्याच कर्ण्यावरून आज संध्याकाळी मराठीत सांगा की कुणीही तीन हजार भरू नयेत.

'पोलिसांत जायचं नाही' हा निर्णय मागे घ्या. अशा ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ पासून आहे. त्यात योजना चालवणं तर गुन्हा आहेच, तिची जाहिरात करून लोकांना पैसे भरायला लावणंही गुन्हा आहे. कर्नाटकाचा ठेवीदार संरक्षण कायदा २००४ चा आहे. त्याखाली अशा लोकांची मालमत्ता जप्त करून विशेष न्यायालयामार्फत ठेवीदारांना वाटता येते. मालमत्ता विकून पळायच्या आत तक्रार गेली तरच त्याचा उपयोग. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही तक्रार करता येते, ती आपली शिकलेली पोरं अर्ध्या तासात भरतील. ज्यांनी दुसऱ्यांना आणलं आणि म्हणून भीती वाटते, त्यांनी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. तो खर्च देवस्कीच्या शिलकेतून करावा, असं मी सुचवते.

आणि सगळे कागद एकत्र करा. दर घरानं आपला कागद देवळात आणावा, शाळेची मोठी सतरंजी मी आणते, तिच्यावर एका ओळीत मांडू. कुणाच्या कागदावर कुठल्या शेळीचा फोटो आहे, बिल्ल्याचा आकडा काय, तारीख काय, पैसे कुणाच्या हातात दिले, याची यादी मी स्वतः लिहीन. कन्नडमध्ये तक्रार लिहून द्यायला माझी एक विद्यार्थिनी तयार आहे, ती बेळगावच्या कोर्टात वकिली करते.

माझा जबाब मी लिहून ठेवला आहे. पहिल्या सभेची तारीख, मला कुणी बोलावलं, कुठल्या खुर्चीवर बसवलं, किती हात वर झाले, आणि मी काय विचारायला हवं होतं ते सगळं त्यात आहे. ती शालही घडी करून त्याच पाकिटात ठेवली आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता मी भवनाच्या पायरीवर असेन. शेळ्या राखणाऱ्या काकांना मी बोलावलंय, ते येतो म्हणालेत.

आपली,
गावातल्या सरकारी मराठी शाळेची निवृत्त शिक्षिका